शिदोबाच्या डोंगरावर मेंढरू चढत न्हाई

एक बाई गवत मोजत होती. खरं तर एवढ्यावरच बिराप्पाचं डोकं फिरायचं, पण तो आधी तरवडाच्या झुडपाआड बसला आणि त्यानं नीट बघून घेतलं. चार काठ्या बांधून केलेली एक चौकट तिनं गवतावर टाकली, गुडघे टेकले आणि आतल्या काड्या एकेक करून मोजल्या. मग वहीत लिहिलं, फोटो काढला, चौकट उचलून दहा पावलं पुढं टाकली आणि पुन्हा गुडघे टेकले. उन्हं डोक्यावर आली तरी हा उद्योग थांबेना. पासष्ट वर्षांत बिराप्पाचे गवत चारणारे, कापणारे, जाळणारे आणि चोरणारे सगळे बघून झाले होते. मोजणारं कुणी त्यानं बघितलं नव्हतं.

"पवनचक्कीवाली," तो स्वतःशीच म्हणाला. आणि बिराप्पानं एकदा ठरवलं की ठरवलं, मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी फरक पडत नसे.

त्याला नावं ठेवायच्या आधी एक गोष्ट ऐकून घ्या. सात वर्षांपूर्वी असेच दोघे जण आले होते. डोक्यावर टोप्या, डोळ्यांना गॉगल, गळ्यात कसलंसं यंत्र. वारा मोजतोय म्हणाले. वारा काय कुणाच्या बापाचा आहे, असं म्हणून बिराप्पानं त्यांना चहा पाजला, पल्याडच्या पठारावर जायची जवळची वाट स्वतः पुढं होऊन दाखवली, एकाच्या पायात काटा मोडला तोही काढून दिला. पुढच्या वर्षी त्याच वाटेनं पोकलेन चढला. जिथं आसपासच्या गावांची मेंढरं चरायची, तिथं आता अकरा पवनचक्क्या फिरतात आणि भोवती तारेचं कुंपण आहे. वस्तीवरची माणसं भली, तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त कुणा परक्यानं रस्ता विचारला की म्हणायची, "बिराप्पाला इचारा, त्यो वाट दावतो." हे बोलणं त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

आता राहिला होता तो एकच, शिदोबाचा डोंगर. माथ्यावर देवाचं ठाणं, ठाण्याभोवती धावडा आणि आपट्याची जुनी राई, आणि तिथून खाली पायथ्यापर्यंत नुसतं गवत. आटपाडीच्या अंगाचा सगळा मुलूख उन्हानं करपलेला असला तरी या डोंगरावर कमरेएवढं गवत उभं असे. लोक म्हणायचे, देवाची कृपा. कृपा होतीच, पण देवाच्या जोडीला एक नेमही होता. आषाढात बेंदराच्या सणाला नारळ फुटला की डोंगर बंद. मग पावसाळाभर एक मेंढरू वर चढायचं नाही. दसऱ्यापर्यंत गवताचं बी पिकून खाली झडतं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजवत वस्तीवरच्या अकरा घरांची मेंढरं वर जातात आणि महिना दीड महिना तिथंच चरतात. त्यानंतर कळप पलूस, आष्ट्याकडं उसाच्या मुलखात रानं खतवायला निघतात. त्या दीड महिन्यात मेंढीच्या अंगाला जे लागतं, त्याच्यावर ती एवढी वाट चालते, विते आणि कोकराला पाजते. डोंगर गेला तर मेंढरं गेली, आणि मेंढरं गेली तर बिराप्पानं करायचं काय, हे शिदोबालाही सांगता आलं नसतं.

म्हणून तो झुडपाआडून उठला आणि अंगावरचं घोंगडं सारखं करत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काय सांडलंय जनू?" त्यानं विचारलं.

ती दचकली नाही, हसली. तिचं नाव प्रांजल. विद्यापीठातून आली होती. शिदोबाचा डोंगर वारसास्थळांच्या यादीत घालायचा प्रस्ताव आहे, म्हणाली. इथलं गवत, इथली झाडं, पाखरं आणि इथल्या लोकांच्या रीतीभाती, सगळं लिहून काढायचं. एकदा यादीत नाव गेलं की इथं पवनचक्की नाही, खाण नाही, रस्ता नाही.

पवनचक्की हा शब्द तिनं आपणहून काढला, हे बिराप्पाच्या लगेच ध्यानात आलं. चोराच्याच तोंडी आधी चोरी येते, असं त्यानं मनाशी धरलं.

"आप्पा, इथं मेंढरं चरायला येतात का?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

"देवाचा डोंगर हाय. मेंढरू चढत न्हाई."

ती ठाण्यामागच्या कपारीकडं गेली. तिथं पाऊस पोचत नव्हता. वाकून तिनं तळहातावर काहीतरी घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं. वाळक्या लेंड्या होत्या, गेल्या सालच्या.

"मग या कशाच्या?"

"सशाच्या," बिराप्पा म्हणाला.

"एवढे ससे?"

"लय हायत."

 लेंड्या जिथल्या तिथं ठेवून ती म्हणाली, "माझे आजोबाही मेंढरंच राखायचे, आप्पा. आटपाडीच्या पलीकडं. मला सशाची लेंडी ओळखू येते."

झालं! दुसरा कुणी असता तर इथं विरघळला असता. बिराप्पाचा संशय उलट दुप्पट झाला. म्हणजे कंपनीवाले आता आपल्यातलीच माणसं शोधून धाडायला लागले.

घरी आला तर हीच प्रांजल त्याच्या अंगणात बसून बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खात होती. आणि त्याची बायको हरणाबाई समोर बसून तिला आग्रह करत होती. बिराप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गेल्यावर त्यानं तोंड सोडलं.

"कुनालाबी घरात घेतीस? काय इचारलं तिनं? काय सांगितलंस?"

"तिनं न्हाई, मीच इचारलं," हरणाबाई भांडी आवरत म्हणाली. "पोरगी आपल्यातली हाय. कोकराला काखंत कशी धरली बघाय पायजे हुतं."

"शिकवून धाडत्यात आसं."

"आवं, कोकरू धरायला कुनी शिकवतं व्हय?"

 बिराप्पानं आटपाडीला दिलेल्या आपल्या बहिणीला, रंगूबाईला फोन लावला. तिला पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते माहीत असायचं. अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. घर खरं होतं, आजोबाही खरे होते, पण मेंढरं त्यांनी कधीच विकली होती. "आनि दादा," रंगूबाई आवाज बारीक करून म्हणाली, "तिचा भाऊ पवनचक्कीवर वॉचमन हाय."

बिराप्पानं फोन खाली ठेवला तेव्हा त्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याला वाटला आनंद. सात वर्षांनी एकदाचं त्याचं खरं ठरलं होतं.

त्याच संध्याकाळी तो बाकीची दहाही घरं फिरला. घराघरांतल्या कर्त्या पुरुषाला बाहेर बोलावून त्यानं एकच गोष्ट सांगितली. ही बाई आहे तोवर डोंगराचं नाव काढायचं नाही. कुणी विचारलं तर शिदोबाच्या डोंगरावर मेंढरू चढत नाही. बेंदूर नाही, दसरा नाही, ढोल नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही. कुणी कुरकुर केली तर तो बहिणीचा फोन सांगायचा, आणि मग सगळे गप्प व्हायचे. बायकांना विचारायची गरज त्याला वाटली नाही.

दसरा आला. सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजलाच नाही. मेंढरांना मात्र दिवस कळला होता. वाड्यातून सुटल्याबरोबर कळप नेहमीच्या सवयीनं डोंगराच्या पाऊलवाटेला लागला. बिराप्पानं आणि त्याच्या मुलानं, इंद्रजितनं, काठ्या आडव्या घालून, शिव्या घालून, दगड मारून तो मागं वळवला. मेंढरं वळून वळून ओरडत होती. प्रांजल वरच्या खडकावर बसून हे बघत होती की पाखरं मोजत होती, ते खालून कळत नव्हतं.

असे वीस दिवस गेले. वर कमरेएवढं गवत उभं, आणि खाली मेंढरं काटक्या चघळत होती. इंद्रजित एकदा म्हणाला, "आप्पा, त्या बाईला सरळ सांगून बघू की. यादीत घालायचंच म्हनतीय."

"यादी!" बिराप्पा गुरकावला. "पठाराचीबी यादीच झाली हुती आदी."

शेवटच्या दिवशी प्रांजलनं सगळ्यांना पायथ्याच्या देवळात बोलावलं. लोकांचं म्हणणं तिला मोबाइलवर चित्रित करून न्यायचं होतं. पुरुष ओट्यावर बसले, बायका मागं भिंतीला टेकून. ती प्रत्येकाला विचारत होती आणि प्रत्येक जण वर आढ्याकडं बघत तेच सांगत होता. सहा-सात जणांचं झाल्यावर तिनं मोबाइल खाली घेतला.

"आप्पा, मला तुम्ही सांगाल तेवढंच लिहिता येतं," ती म्हणाली. "या डोंगराशी तुमचं नातं आहे असं कागदावर आलं तर ते कुणाला तोडता येणार नाही. नाहीच म्हणालात तर मी काही करू शकणार नाही. नीट विचार करून सांगा."

इथं बिराप्पानं विचार केला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिचा आवाज मऊ झालेला ऐकून त्याला वाटलं, आता गळ टाकतीय. तो उठला, पुजारी बाळासोकडं गेला आणि त्यानं हात पसरला.

"भंडारा दे."

बाळासो हळू आवाजात म्हणाला, "बिराप्पा, ह्यात देवाला नगं ओढू गड्या."

"देवाचाच डोंगर राखतोय. दे."

बाळासोनं पिशवीतून चिमूटभर हळद त्याच्या तळहातावर ठेवली. बिराप्पानं मूठ मिटली, हात वर केला आणि मोबाइलकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाला, "शिदोबाची आन. या डोंगरावर आमचं मेंढरू चढत न्हाई, कवा चढलं न्हाई." उरलेल्या दहा घरांच्या पुरुषांनी एकेक करून त्याच्या हाताला हात लावला. प्रांजलनं मान खाली घालून वही मिटली. बिराप्पाला तो आपला विजय वाटला.

त्या साली कळप लवकर निघाले. पलूसच्या वाटेवर बिराप्पाच्या चार मेंढ्या बसल्या त्या उठल्या नाहीत. आष्ट्याच्या रानात कोकरं झाली, पण आयांना दूध उतरेना. हरणाबाई बाटलीनं पाजत बसायची. 

ज्येष्ठात कळप परत आले, तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागून पिवळा पडत आला होता. इंद्रजितनं तो मोठ्यानं वाचला. शिदोबाच्या डोंगराला वारसास्थळ म्हणून मान्यता मिळणार होती. पवनचक्की, खाण, रस्ता, सगळ्याला कायमची बंदी. बिराप्पाच्या तोंडावर हसू फुटलं, आणि इंद्रजित पुढं वाचत गेला. "स्थानिक लोकांच्या शपथेवरील जबाबानुसार सदर डोंगरावर चराईची कोणतीही वहिवाट नाही. सबब यापुढे चराईस व जनावरांच्या प्रवेशास मनाई राहील." हरकत घ्यायला आठ दिवस उरले होते.

"शेवटी तिनं डाव साधला," बिराप्पा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

मग हरणाबाई बोलली. इतके महिने साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "कुनी साधला? पवनचक्की कुटं आली? तिनं सांगितलं तसंच झालं की! त्या पठारावर तिच्या आज्याची मेंढरं चरत हुती. कुंपन पडलं, मेंढरं इकावी लागली. भाऊ तितंच वॉचमन लागला, दुसरं काय करनार? आपला डोंगर तरी ऱ्हावा म्हनून पोरगी हिकडं आली. तुमची आन झाल्यावर माझ्याम्होरं बसून रडली ती. तुमी इचारलं आसतं तर तुमालाबी सांगितलं आसतं. तुमी रंगूबाईला इचारलं."

 त्या पठाराची वाट कुणी दाखवली होती, हे प्रांजलला माहीत होतं का, एवढं विचारायचं बिराप्पाच्या ओठावर आलं. ते विचारायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

हरकतीची सुनावणी पायथ्याच्या देवळातच ठेवली होती. जिल्ह्याहून एक साहेब आले, शेजारी प्रांजल कागद घेऊन बसली. बिराप्पा उठला. सगळ्या वस्तीदेखत त्यानं सांगून टाकलं की तो खोटं बोलला. मेंढरं पिढ्यान् पिढ्या चढतात. बेंदराला डोंगर बंद होतो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उघडतो, म्हणून तर ते गवत आहे. 

साहेबांनी मोबाइल पुढं केला. त्यात बिराप्पा मूठ वर करून शिदोबाची आण घेत होता. देवळात तो आवाज घुमला तशी म्हाताऱ्या माणसांनी कानांवर हात ठेवले.

"तेव्हा शपथेवर एक सांगितलंत, आता दुसरं," साहेब म्हणाले. "मी खरं कुठलं धरायचं?"

"पुन्ना आन घेतो," बिराप्पा म्हणाला आणि त्यानं बाळासोपुढं हात पसरला.

बाळासोनं पिशवीचं तोंड आवळून धरलं. "एका गोष्टीला एकदाच भंडारा, बिराप्पा. त्या दिशी दिला ती माजी चूक, ती मी भोगीन. आता न्हाई. तुला न्हाई आनि त्या दिशी तुज्या हाताला हात लावला त्यातल्या कुनालाच न्हाई."

बिराप्पा हात पसरूनच उभा राहिला. उरलेल्या दहा घरांचे पुरुष खाली बघत होते. बिराप्पाला पहिल्यांदा कळलं की वस्तीत शपथेला एकही माणूस त्यानं शिल्लक ठेवला नव्हता. त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी हालचाल झाली. हरणाबाई पुरुषांच्या मधनं वाट काढत पुढं आली.

"मला दे, बाळासो. त्या दिशी आमाला कुनी इचारलंच न्हवतं."

बाळासो घुटमळला. बाईच्या हातावर शपथेचा भंडारा आजवर कुणी ठेवला नव्हता. पण ठेवू नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं पिशवी सोडली. हरणाबाईनं आण घेतली आणि बेंदरापासून दसऱ्यापर्यंतचा सगळा नेम सांगितला. कुणाचं मेंढरू कुठल्या साली चुकून चढलं आणि त्या घरानं दंड म्हणून वस्तीला काय जेवण घातलं, तेसुद्धा. तिच्यामागं दुसरी बाई आली, मग तिसरी. प्रांजलच्या कागदात लेंड्यांचे फोटो होते, आणि कळपाला दगड मारून मागं वळवल्याचेही होते. तिनं ते साहेबांपुढं सरकवले. अकरा बायकांचे जबाब लिहिता लिहिता साहेबांच्या पेनातली शाई संपली.

निकाल भाद्रपदात आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून दीड महिना चराईची मुभा, जबाब देणाऱ्या अकरा जणींच्या नावानं. पुरुषाचं नाव कागदावर एकही नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ढोल वाजला. बिराप्पा कळप घेऊन सगळ्यांत आधी पायथ्याला पोचला. तिथं आता खाकी कपड्यातला एक नवा रखवालदार यादी घेऊन उभा होता. हा इकडचा नव्हता, त्याला कुणाची ओळख नव्हती.

"नाव?"

"बिराप्पा."

त्यानं यादीवर वरून खाली बोट फिरवलं, परत खालून वर फिरवलं. मग बिराप्पाकडं, त्याच्या घोंगड्याकडं आणि काठीकडं संशयानं बघितलं. "या नावाचं कुणी नाही. कुणाची मेंढरं चढवताय?"

"हरनाबाईची," बिराप्पा म्हणाला. 

"मग तुम्ही कोण?"

मागं ढोल थांबला होता. मेंढरं पायांत घुटमळत होती.  तेवढ्यात हरणाबाई येऊन पोचली आणि रखवालदारानं तिलाच विचारलं, "आजी, या माणसाला ओळखता का?"

 सगळ्या बायकांदेखत हरणाबाई नवऱ्याला पायापासून पटक्यापर्यंत निरखत राहिली.

"वळखते की," ती म्हणाली. "मेंढरांपुरता भरवसा धरा. मानसांचं मातर त्यास्नी काय इचारू नगा."

रखवालदार बाजूला झाला आणि मेंढरं बिराप्पाच्या आधी वर निघाली.